पाकिटावरचं नाव बदललं म्हणून गोळी थांबवू नका

बोरी अरबच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायांनो, त्यांच्या नवऱ्यांनो, सासवांनो, मेडिकलवाल्या भावांनो आणि आशाताईंनो,

मृग तोंडावर आला आहे, म्हणून हे आवाहन आजच करते. पेरणी लागली की डवरणी, मग निंदण, मग खत. दारव्ह्याला किंवा यवतमाळला जाणं रोज उद्यावर पडतं. अडाण नदी फुगली की रस्त्याचा भरवसा नसतो. नेमक्या याच दिवसांत गोळ्यांचं पाकीट संपतं आणि मेडिकलवाला म्हणतो, "तुमची नेहमीची गोळी आली नाही वहिनी, दुसऱ्या कंपनीची आहे, देऊ का?" वहिनी म्हणतात, "नको, तीच येऊ द्या." आठ दिवसांनी ती येते किंवा येतही नाही. मधल्या आठ दिवसांत काय होऊ शकतं, ते दुकानात त्यांना कुणी सांगत नाही.

तर तेच आधी सांगते. संयुक्त गर्भनिरोधक गोळीत दोन हार्मोन असतात, एक इस्ट्रोजेन आणि दुसरं प्रोजेस्टिन. 21 दिवस ही गोळी पोटात जात असते तोवर बीजकोष झोपलेला राहतो आणि बीज बाहेर पडत नाही. मग सात दिवस हार्मोन बंद असतं, पाळी येते, आणि त्या सात दिवसांत बीजकोष हळूहळू जागा व्हायला लागतो. आठव्या दिवशी नव्या पाकिटाची पहिली गोळी गेली की तो पुन्हा झोपतो. मात्र सातचे नऊ झाले, दहा झाले, तर तो पूर्ण जागा होऊ शकतो. म्हणून महिन्याच्या मध्ये एखादी गोळी चुकण्यापेक्षा नवं पाकीट उशिरा सुरू करणं कितीतरी जास्त धोक्याचं आहे. आणि आपल्याकडे ब्रँडची वाट पाहिली जाते ती नेमकी याच दिवसांत, कारण पाकीट संपल्यावरच दुकानाची आठवण येते.

म्हणून मागणं एकच. तुमच्या गोळीतलं औषध तेच आणि तेवढंच असेल, तर कंपनीच्या नावासाठी एक दिवसही थांबू नका. आणि औषध तेच आहे की नाही, हे ओळखायला शिका. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे.

आपल्या भागात सगळ्यांत जास्त माहितीची नावं म्हणजे माला एन आणि माला डी. माला एन उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मिळते, सरकारी दवाखान्यात फुकट. 2011 सालापासून आशाताई घरपोच पाकीट देतात, त्याचा एक रुपया घेण्याची मुभा सरकारने त्यांना दिली. माला डी ही तीच गोळी, सरकारी अनुदानावर दुकानात स्वस्तात विकली जाणारी. दोन्हींत लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडायोल 0.03 मिलिग्रॅम असतं. आता मेडिकलमधल्या काचेच्या कपाटातली ओव्हरल एल घ्या. तिच्यावरही हेच लिहिलेलं असतं: लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15, इथिनिल इस्ट्राडायोल 0.03. एक फुकट, एक स्वस्त, एक महाग, आणि पोटात जाणारं औषध तिन्हींत एकच.

हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं. "सरकारी गोयी हाय ना थे, तिच्यात दम नसते." बायका हे कुजबुजत सांगतात, आणि चांगली शिकलेली माणसंही सांगतात, जरा शुद्ध भाषेत. फुकटाला किंमत नाही हा आपला जुना अनुभव आहे. रेशनच्या गव्हापासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत तो कधी ना कधी खराही ठरलेला आहे, त्यामुळे बायांना मी हसणार नाही. पण गोळीच्या बाबतीत हा 'दम' म्हणजे काय, ते एकदा नीट बघू.

अमेरिकेत 1960 साली पहिली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली, एनोव्हिड नावाची. तिच्यात इस्ट्रोजेन 0.15 मिलिग्रॅम होतं आणि दुसरं हार्मोन जवळजवळ दहा मिलिग्रॅम. आजच्या माला एनमध्ये इस्ट्रोजेन 0.03 आहे. म्हणजे त्या पहिल्या गोळीत 'दम' भरपूर होता. त्या दमाने बायकांच्या पायांत रक्ताच्या गाठी झाल्या, काहींच्या फुप्फुसात गेल्या, काही जणी दगावल्या. त्यानंतरची कित्येक वर्षं डॉक्टरांनी हा दम कमी करत आणण्यातच घालवली. कमी हार्मोनमध्ये तेवढंच काम होतं हे कळलं, म्हणून आजची गोळी हलकी आहे. सरकारी असो की कंपनीची, दोन्ही सारख्याच हलक्या आहेत, आणि ते आपल्या भल्याचं आहे.

फुकटची गोळी कुठल्या कोपऱ्यात बनत असेल, हाही एक संशय असतो. बेळगाव जिल्ह्यात, निपाणी आणि संकेश्वरच्या पट्ट्यात कणगला म्हणून गाव आहे. तिथे केंद्र सरकारच्या एचएलएल लाइफकेअर या कंपनीचा मोठा कारखाना आहे, पूर्वी तिचं नाव हिंदुस्तान लॅटेक्स होतं. गर्भनिरोधक गोळ्या तिथे बनतात. सरकार एकदम लाखोंनी पाकिटं खरेदी करतं, जाहिरातीचा खर्च नाही, दुकानदाराचं कमिशन नाही. स्वस्ताईचं कारण हे आहे. गोळीतला माल कमी केला म्हणून ती स्वस्त झालेली नाही.

ब्रँड आणि जेनेरिक, म्हणजे मूळ कंपनीखेरीज दुसऱ्यांनी बनवलेलं तेच औषध, या भांडणात आपल्या देशात एक गंमत आहे. ज्या गोळीला आपण ब्रँड म्हणतो, तीही बहुतेक वेळा जेनेरिकच असते, नाव टाकलेली. लेव्होनॉरजेस्ट्रेलचं पेटंट संपून किती तरी दशकं झाली, आता ते कुणीही परवाना घेऊन बनवू शकतं. कुणी त्याला सुंदर नाव देतं, गुलाबी पाकिटात घालतं, डॉक्टरांकडे माणूस पाठवतं. कुणी नुसतं औषधाचं नाव छापतं आणि जनऔषधीच्या दुकानात ठेवतं. हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, म्हणून 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली त्याच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा लागू होते. तरीसुद्धा घरखर्चाच्या डब्यातून दर महिन्याला पैसे काढणारीला फुकट आणि विकत यातला फरक जाणवतोच. वर्षाची तेरा पाकिटं लागतात. हिशोब तुम्हीच करा.

जेनेरिक गोळी खरंच तेवढीच रक्तात उतरते का, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी एक चाचणी असते. निरोगी माणसांना एकदा मूळ गोळी देतात, एकदा जेनेरिक, आणि दर काही तासांनी रक्त काढून औषध किती उतरलं ते मोजतात. निकाल 80 ते 125 टक्क्यांच्या चौकटीत बसला पाहिजे, असा नियम जगभर चालतो. हे आकडे ऐकून लोक म्हणतात, म्हणजे जेनेरिक वीस टक्के कमजोर असू शकते. तसं नाही. नुसती सरासरी नाही, तर चाचणीतल्या चढउताराचा सगळा पट्टा त्या चौकटीत बसावा लागतो, आणि तो बसायचा तर सरासरी मूळ गोळीच्या फार जवळ असावी लागते. अमेरिकेच्या औषध खात्याने बारा वर्षांतल्या 2,070 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मूळ आणि जेनेरिक औषधांतला फरक सरासरी चार टक्क्यांच्या आसपास निघाला. एकाच कंपनीच्या दोन खेपांतही एवढा फरक पडू शकतो.

भारतात ही चाचणी काही वर्गांतल्या औषधांसाठी 2017 मध्ये सक्तीची झाली. त्याआधी मंजूर झालेल्या प्रत्येक गोळीची ती झालेली आहे असं मी म्हणणार नाही. पण ही त्रुटी ब्रँडवाल्या जेनेरिकला आणि बिनब्रँडच्या जेनेरिकला सारखीच लागू होते. गुलाबी पाकिटाने ती भरून निघत नाही.

आणि ब्रँडचीही चूक होते. 31 जानेवारी 2012 ला फायझर या बड्या कंपनीने अमेरिकेत सुमारे दहा लाख गोळ्यांची पाकिटं परत मागवली. भरताना गडबड झाली होती. काही पाकिटांत हार्मोनच्या जागी साध्या गोळ्या गेल्या होत्या, काहींत क्रम उलटसुलट झाला होता. परत मागवलेल्या मालात निम्म्या खेपा ब्रँडच्या नावाच्या होत्या, निम्म्या त्याच गोळीच्या जेनेरिक. कारखाना एक, चूक एक, पाकिटं दोन प्रकारची. त्या प्रकरणातून आपल्या कामाची गोष्ट एवढीच की नव्या पाकिटाची पहिली गोळी काढायच्या आधी रांगा बघायच्या. माला एन किंवा माला डीच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. आधीच्या 21 पांढऱ्या, त्या हार्मोनच्या. शेवटच्या सात तपकिरी, त्या लोहाच्या. एखाद्या पांढऱ्या रांगेत तपकिरी दिसली, किंवा उलट झालं, तर ते पाकीट परत करा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि इथे घोटाळा सगळ्यात जास्त होतो. ओव्हरल एलसारख्या पाकिटात 21 च गोळ्या असतात. त्या संपल्या की सात दिवस काहीच घ्यायचं नाही, आठव्या दिवशी नवं पाकीट. माला एनमध्ये हे सात दिवस लोहाच्या गोळ्यांनी भरून काढले आहेत, म्हणजे रोजची सवय तुटू नये. समजा एखादी बाई वर्षभर 21 वाली गोळी घेत होती. ती मिळाली नाही, तिने शहाणपणाने माला एन घेतली. पांढऱ्या गोळ्या संपल्या, तपकिरी सात संपल्या, आणि जुन्या सवयीने ती आणखी सात दिवस थांबली. झाले चौदा दिवस विनाहार्मोन. दिवस गेले तर ती म्हणणार सरकारी गोळी फसली, आणि हे ती दहा जणींना सांगणार. गोळी फसली नव्हती. 28 च्या पाकिटानंतर खाडा नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तपकिरी शेवटची गोळी आज रात्री घेतली, तर नव्या पाकिटाची पहिली पांढरी उद्या रात्री. उलट बाजूने, माला एनवरून 21 च्या पाकिटावर जात असाल, तर शेवटच्या तपकिरीच्या दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट सुरू करा, ते संपल्यावर मात्र सात दिवस थांबा आणि आठव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मेडिकलवाल्या भावांनो, पाकीट बदलून देताना ही दोन वाक्यं सांगायला तुम्हाला अर्धं मिनिट लागेल. कृपा करून सांगा. कागदात गुंडाळून, नजर चुकवून देण्यात जो वेळ जातो त्यात हे बसतं.

औषध तेच आहे हे ओळखायचं कसं? बऱ्याच बायांना इंग्रजी अक्षरं लागत नाहीत, आणि पाकिटावर बहुतेक मजकूर इंग्रजीत असतो. म्हणून मी आधी सांगणार होते की आकडे जुळवा, 0.15 आणि 0.03. पण नुसते आकडे जुळवणं पुरत नाही. नोव्हेलॉन नावाची गोळी आहे, तिच्यावरही 0.15 आणि 0.03 हेच आकडे असतात. तिच्यातलं पहिलं औषध मात्र डेसोजेस्ट्रेल आहे, लेव्होनॉरजेस्ट्रेल नाही. आकडे तेच, औषध वेगळं. त्यामुळे जुनं रिकामं पाकीट फेकू नका. ते घेऊन दुकानात जा आणि नव्याच्या शेजारी ठेवून घरातल्या शाळकरी पोरीकडून आकडे आणि अक्षरं दोन्ही जुळवून घ्या. 2018 पासून नियम असा आहे की औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं पाहिजे. ते मोठं नाव जुळलं आणि आकडे जुळले, तर निर्धास्त घ्या.

औषध वेगळं असेल तर घ्यायचंच नाही, असं मी म्हणत नाही. गर्भ राहू न देण्याचं काम सगळ्या संयुक्त गोळ्या चांगलं करतात. पण ती नुसती नावाची बदली राहत नाही, औषधाची बदली होते. ड्रोस्पिरेनोन असलेल्या गोळ्या पाकिटामागे काही शे रुपयांना जातात. मुरुमांसाठी, पीसीओडीसाठी डॉक्टर त्या कधी कधी लिहून देतात, आणि मग शहरातून आलेली नणंद सांगते की हीच भारी आहे. भारी आहे, किमतीला. रक्ताच्या गाठीचा धोका मात्र हिच्यात आणि डेसोजेस्ट्रेलच्या गोळीत थोडा जास्तच आहे. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायांत वर्षाला साधारण दोघींना गाठ होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोन घेणाऱ्यांत नऊ ते बारा जणींना. युरोपच्या औषध संस्थेने 2013 मध्ये सगळे अभ्यास तपासून हे आकडे दिले. धोका तसा तिन्हींत कमी आहे, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो यापेक्षा जास्त असतो. पण या हिशोबात आशाताईंच्या पिशवीतली जुनी, फुकटची गोळीच वरच्या नंबरवर येते, हे लक्षात घ्या.

गोळी बदलल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मधेच डाग पडणं, मळमळणं, छाती जड वाटणं हे होऊ शकतं. कुठलीही संयुक्त गोळी नव्याने सुरू केली तरी होतं. आपण मात्र लगेच म्हणतो, बघा, स्वस्त घेतली म्हणून झालं. रात्री जेवण झाल्यावर झोपताना घ्या, मळमळ कमी होते. तीन महिन्यांनंतरही डाग पडतच राहिले तर सिस्टरना दाखवा. पण डाग पडला म्हणून मधेच पाकीट सोडू नका, सोडलं की डाग वाढतो आणि दिवस जायची भीती वेगळीच.

विसरलात तर काय करायचं, तेही इथेच सांगून ठेवते, कारण पाटीवर लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. एक पांढरी गोळी चुकली, तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, पुढची तिच्या वेळेवर. एका दिवशी दोन झाल्या तरी बिघडत नाही. दोन किंवा जास्त दिवस चुकल्या, तर आठवताच एक घ्या, रोजची चालू ठेवा आणि पुढचे सात दिवस निरोध वापरा. शेवटच्या आठवड्यातल्या पांढऱ्या चुकल्या असतील तर तपकिरी गोळ्या टाकून द्या आणि पांढऱ्या संपताच नवं पाकीट सुरू करा. पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि त्या दिवसांत संबंध आला असेल, तर 72 तासांच्या आत तातडीची गोळी घ्या, ती आशाताईंकडेही असते. तपकिरी चुकली तर काही नाही. शंभर बाया वर्षभर नेहमीसारख्या, म्हणजे अधूनमधून विसरत गोळी घेतात तेव्हा त्यांतल्या सातेक जणींना दिवस जातात. एकही न चुकवता घेतली तर हजारात तीन जणींना. एवढा मोठा फरक कुठल्याच ब्रँडने पडत नाही.

आता काही जणींनी ही गोळी, कुठल्याही नावाची, घ्यायचीच नाही. बीपी जास्त असणाऱ्यांनी. पायात किंवा फुप्फुसात कधी गाठ झालेल्यांनी, हृदयाचा झटका किंवा अर्धांग होऊन गेलेल्यांनी. डोळ्यांपुढे चमकून, मग डोकं फुटेल असं दुखणाऱ्यांनी. स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा मोठा आजार असणाऱ्यांनी. पस्तिशीच्या पुढच्या आणि बिडी ओढणाऱ्या बायांनी. बाळ अंगावर पीत असेल तर निदान सहा महिने नको, त्या काळात नर्सबाई दुसरा उपाय देतील. टीबीवरचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं एखादं औषध चालू असेल तर गोळीचा असर कमी होतो, मग ती ब्रँडची असो की सरकारी. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे त्यांनी आधी तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी सुरू करू नका. हे सगळं विचारायला बीपीचं मशीन आणि पाच मिनिटं लागतात, उपकेंद्रात दोन्ही मिळायला हवीत. नाही मिळाली तर मागा.

गोळी चालू असताना एका पोटरीत कळ येऊन सूज आली, छातीत दुखलं, दम लागला, अचानक दिसेनासं झालं किंवा पूर्वी कधी दुखलं नव्हतं असं डोकं दुखलं, तर थांबायचं नाही. पेरणी असो की लग्न, 108 ला फोन करा. दारव्ह्याचा सरकारी दवाखाना आहे, यवतमाळला वसंतराव नाईक मेडिकल कॉलेज आहे. सोबत गोळीचं पाकीट न्या.

एक गोष्ट उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. टिनाच्या खोलीत तर विचारूच नका. तिथे फडताळावर, चुलीच्या वरच्या अंगाला ठेवलेली कोणतीच गोळी नीट राहत नाही, कितीही महाग असो. सासूच्या नजरेआड राहावी म्हणून बाया पाकीट गव्हाच्या कोठीत, पत्र्याच्या पेटीत, कुठेही दडवतात. माठाजवळच्या थंड पण कोरड्या जागी ठेवा, आणि सासूबाईंनो, तुम्ही नजर जरा दुसरीकडे वळवा. तारीख उलटलेलं, ओलं झालेलं, फुगलेलं पाकीट घेऊ नका.

सासूबाईंशी आणखी एक बोलायचं आहे. आपल्या महाराष्ट्रात लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या जवळजवळ निम्म्या बायांचं ऑपरेशन झालेलं आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरात ऑपरेशन झालेल्या बाया 37.9 टक्के निघाल्या आणि गोळी घेणाऱ्या 5.1 टक्के. म्हणजे आपल्याकडे पाळणा थांबवतात, लांबवत कुणी नाही. विसाव्या वर्षी पहिलं, बाविसाव्या वर्षी दुसरं, चोविसाव्या वर्षी टाके. सुनेचं अंग भरून यायला दोन बाळंतपणांत तीन वर्षं तरी मिळू द्या. त्या तीन वर्षांसाठी ही गोळी आहे, आणि फुकट आहे. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा हा विषय तोंडून काढल्याबद्दल त्यांना कॉलेजातली गणिताची नोकरी गमवावी लागली होती. शंभर वर्षं होऊन गेली. बोरीत हे बोलल्याने आता कुणाची नोकरी जाणार नाही.

आशाताईंनो, तुमच्याकडे मागणं हे की पावसाळ्याआधी प्रत्येक गोळीवाल्या घरात तीन पाकिटं जास्तीची पोचवा, साठा कमी असेल तर आत्ताच कळवा. मिळाला नाही तर तारखेसकट लिहून ठेवा आणि ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत ते वाचून दाखवा. सरपंचांनी त्याचा पाठपुरावा करावा, ते त्यांचं कामच आहे. मेडिकलवाल्यांनो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक गोळी असताना स्वतःच्या मनाने दुसरी द्यायची नाही, हा कायद्याचा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. पण चिठ्ठीशिवाय माला डी मागायला आलेल्या बाईला ती नाही म्हणून परत पाठवू नका. तेच औषध दुसऱ्या नावाने असेल तर दाखवा, नसेल तर उपकेंद्राचा रस्ता दाखवा. तातडीची गोळी दर आठ दिवसांनी नेणारा गिऱ्हाईक दिसला तर त्याला सांगा की ती रोजच्या कामाची नाही. आणि गर्भपाताची किट डॉक्टरांशिवाय कुणालाही देऊ नका. गोळी फसून दिवस गेलेच, तर 2021 मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्याने सरकारी दवाखान्यात गर्भपात करून घेता येतो, लग्न झालेलं असो वा नसो. त्यासाठी कुठल्याही भोंदूकडे जायची गरज नाही.

नवऱ्यांनो, तुम्ही हे इथपर्यंत वाचलंत का, शंका आहे. वाचलं असेल तर आज बाजारातून येताना पाकीट तुम्हीच घेऊन या. मोठं नाव आणि दोन्ही आकडे जुळवून. आधार कार्ड, सातबारा, बियाण्याच्या थैलीवरचं लहान अक्षर, सगळं तुम्हाला वाचता येतं.

काही अडलं तर आरोग्य सल्ल्यासाठी 104 वर फोन करता येतो. ज्यांचं पाकीट या आठवड्यात संपतंय त्यांनी पुढच्या बाजाराची वाट न बघता उद्या सकाळीच आशाताईंकडे जावं. बाकीच्यांनी हा कागद पुढच्या बचत गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. बाजूला पुरुष बसलेले असतील तर त्यांना उठवू नका.